निळ्या बॅगेचं प्रस्थान

जीवन खालकर अमेरिकेला निघाला तो नाशकातल्या गंगापूर रोडवरच, आपल्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर, कलाबाईंच्या घरी जाऊन अडकला. तो स्वतः नव्हे, त्याची बॅग. पण आपल्याकडची जुनी माणसं यात फारसा फरक करत नाहीत. प्रवासाचा मुहूर्त आज असेल आणि निघणं पुढं असेल, तर मुहूर्ताच्या वेळी सामानातलं काहीतरी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. सामानानं उंबरा ओलांडला की माणूस निघाला असं धरायचं. मग तो सवडीनं निघतो, वाटेत सामान उचलतो आणि मार्गाला लागतो. एक पथ्य मात्र कडक. ठेवलेलं प्रस्थान परत घरी आणायचं नाही. आणलं तर प्रवास मोडला, आणि त्याबरोबर आणखी काय काय मोडेल ते कुणी सांगावं? एरवी हा आठ-पंधरा दिवसांचा मामला असतो. जीवनची बॅग कलाबाईंच्या कॉटखाली पाच वर्षं राहिली.

ही गोष्ट सुरू झाली २००१ च्या सुरुवातीला. जीवन तेव्हा एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. कंपनी कसली, स्वीट मार्टच्या वरचा एक मजला. काचेच्या दारावर तिरंगा आणि त्याच्या शेजारी, त्याच्याहून जरा मोठा, अमेरिकेचा झेंडा चिकटवलेला. धंदा नावाला संगणकाचा, खरा धंदा माणसांचा. सायखेडा, सिन्नर, दिंडोरीकडची पोरं इंजिनिअर होऊन यायची, कंपनीचे मालक त्यांना थोडंफार घडवायचे आणि एच-वन व्हिसावर तिकडच्या कंपन्यांना पुरवायचे. मंडईत टवटवीत वांगी वर मांडतात आणि किडकी खाली ढकलतात, तशी बायोडेटाची मांडणी व्हायची. मालकांना सगळे सर म्हणत. सर हुशार होते, गोड होते, आणि संध्याकाळी ते उठल्याशिवाय कुणाची घरी जायची छाती नव्हती.

त्या एका मजल्यावर दोन जाती होत्या. आतल्या बाजूला पंख्याखाली बसणारे, आणि खिडकीशी एसीखाली बसणारे. तिकडच्या कंपनीनं तुमच्यासाठी केलेला अर्ज मंजूर झाला, की तुमची उचलबांगडी थेट खिडकीशी. कालपर्यंत 'ए खालकर' म्हणणारे सर दुसऱ्या दिवशी 'अहो जीवनराव' म्हणायचे, आपल्या डब्यातली भाजी वाढायचे. पंख्याखालचे मित्र न सांगता चहा आणून द्यायचे. काम तेच, अक्कलही तीच, फक्त माणूस आता जाणारा झालेला असायचा. जीवनला हे बघून सुरुवातीला हसू यायचं. त्याचा स्वतःचा कागद मंजूर झाला तेव्हा मात्र तो खिडकीशी जाऊन असा काही बसला, जणू जन्मापासून एसीतच वाढला होता.

आता खरं तर मंजुरीचा कागद म्हणजे व्हिसा नव्हे. त्यानंतर मुंबईला जाऊन वकिलातीत मुलाखत द्यायची, पासपोर्टवर शिक्का घ्यायचा, मग विमान. हे जीवनला माहीत होतं, सरांना तर पाठच होतं. पण त्याच आठवड्यात नवी बॅच भरायची होती आणि मुलांचे आईबाप कंपनी बघायला येणार होते. रिकाम्या भिंतीला कोण भुलणार? म्हणून सरांनी निरोप समारंभ उरकून घेतला. शाल, श्रीफळ, गुच्छ. मंजुषा मॅडम, म्हणजे ऑफिसचं सगळं बघणाऱ्या बाई, त्यांनी डोळे पुसत दोन शब्द सांगितले. जीवनचा टाय घातलेला फोटो फ्रेम करून स्वागतकक्षातल्या भिंतीवर लागला, 'अमेरिकेत कार्यरत आमचे शिलेदार' या पाटीखाली. त्याचं टेबल त्याच दुपारी नव्या मुलाला मिळालं.

ऑफिसनं निरोप दिला म्हटल्यावर गाव कसं मागं राहील? सायखेड्यात मारुतीच्या पारावर सत्कार झाला. वडील चिमाजी, आयुष्यात कधी फेटा न बांधलेला माणूस, त्या दिवशी फेटा बांधून खाली मान घालून बसले होते. आई नवसाबाई मात्र ताठ मानेनं बसली. दुसऱ्या दिवशी ती भटजींकडे गेली आणि परत आली ती घाबरी होऊनच.

"पुढं शुक्राचा अस्त हाय म्हणत्यात," ती जीवनला म्हणाली. "मग परगावी जायला दिवस चांगले नाय. ह्याच गुरुवारी निघ."

"आई, अजून मुंबईचा इंटरव्ह्यू व्हायचाय. शिक्का नाही पडलेला."

"मग प्रस्थान ठेवू. तुझा शिक्का पडंल तवा पडंल."

जीवन हसला आणि हो म्हणाला. शिकलेला मुलगा होता. यानं काय बिघडतंय, असं त्याला वाटलं. इथंच त्याचं चुकलं.

मेन रोडवरून निळी चाकांची बॅग आणली होती. नवसाबाईनं तिच्यात काळा मसाला, नागलीचे पापड, कुरडया, शेवया, घरच्या मनुका आणि स्वेटर असं सगळं भरलं, वर सुपारी आणि हळकुंड बांधून ठेवलं. ठेवायची कुठं, तर कलाबाईंकडे. कलाबाई तिच्या माहेरची. गंगापूर रोडला बंगले उठले तरी या बाईंनी आपला शेवंतीचा तुकडा आणि कौलारू घर सोडलं नव्हतं. रोज फुलं विकायला जायच्या. गुरुवारी सकाळी नवसाबाईनं लेकाच्या हातावर दही घातलं, त्याला बॅग उचलायला लावली आणि कलाबाईंच्या कॉटखाली ती सरकवून घेतली. मग पदर डोळ्यांना लावला.

"जा बाबा," ती म्हणाली. "माझा निरोप झाला. आता मागं फिरू नको."

पंधरा दिवसांनी सरांनी जीवनला केबिनमध्ये बोलावलं. अमेरिकेत कंपन्या माणसं काढत होत्या. ज्या कामावर जीवन जाणार होता ते कामच बंद पडलं होतं. "मुलाखतीला आता जाऊ नकोस," सर म्हणाले. "एकदा नकार मिळाला की पासपोर्ट बाटतो. थोडं थांब. मार्केट फिरेल." जीवनच्या कानात बाकीचं काही शिरलं नाही. सर त्याला अहो नाही, अरे म्हणाले होते.

मार्केट फिरलं नाही. त्या सप्टेंबरात अमेरिकेत जे घडलं त्यानंतर तर कुणी विचारायचीही सोय उरली नाही. जीवन मात्र रोज वेळेवर ऑफिसला येत राहिला. पण बसणार कुठं? त्याचं टेबल गेलं होतं, आणि खिडकीशी बसायचा हक्क संपला होता. मंजुषा मॅडमनी ओशाळून स्वागतकक्षातला सोफा दाखवला. तो सोफा नेमका त्याच्याच फोटोखाली होता. मुलांचे आईबाप यायचे, भिंत बघायचे, मग खाली बघायचे.

"हे अमेरिकेत असतात ना?" एका मास्तरांनी त्याला त्याचाच फोटो दाखवून विचारलं.

जीवननं आत सरांच्या केबिनकडे पाहिलं. दार उघडं होतं. "सुट्टीवर आलोय," तो म्हणाला. मास्तरांनी मोठ्या आदरानं त्याचा हात हातात घेतला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. आपल्याला कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

सोडून का नाही गेला, असं विचारणारे फार भेटतात. कुठं जाणार? संगणकवाल्यांना तेव्हा नाशकात कोण दारात उभं करत होतं? आणि सर रोज सांगायचे की कागद अजून जिवंत आहे, कंपनी सोडली की कागदही गेला. कागदाच्या आशेवर माणूस टांगून ठेवायची कला त्या ऑफिसात चांगली अवगत होती. मग हळूहळू कागदाची मुदतही संपली. ते सरांनी सांगितलंच नाही. जीवननं विचारलं नाही.

पण यातलं काहीच त्याच्या जिवाला तितकं लागलं नाही जितकी ती बॅग लागली. त्याला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. आई, मी जाणार नाही, बॅग घरी आणू. एवढंच. ते बोलला असता तर तो निदान इथला तरी झाला असता. तिकडचा तर नव्हताच.

ते वाक्य निघेना. नवसाबाई दर उन्हाळ्यात यायची, डोक्यावर गाठोडं घेऊन, एसटीनं. जीवनच्या खोलीवर नंतर, आधी कलाबाईंकडे. कॉटखालून बॅग ओढायची, जुना मसाला काढायचा, नवा भरायचा. पापड बदलायचे, कुरडया बदलायच्या. स्वेटर उन्हात घालून परत घडी करायची. सुपारीला कीड लागली तर नवी बांधायची. जुना माल कलाबाईंच्या स्वयंपाकघरात जायचा.

"नवसे, तुझ्या अमेरिकेवर माझं वरीसभराचं कालवण निघतं बघ," कलाबाई चेष्टा करायच्या. नवसाबाई हसायची. जीवन दारात उभा राहून दोघींकडे बघायचा.

गावाला जाणं त्यानं जवळजवळ बंद केलं. पारावर सत्कार घेतलेल्या माणसानं कुठल्या तोंडानं पारावरून जायचं? दिवाळीला जायचा तेही काळोख पडल्यावर, आणि पहाटेच्या गाडीनं परत. गावातल्या निम्म्या लोकांचा तर समज झाला की जीवन कधीच गेला. नवसाबाई खोटं बोलत नव्हती. कुणी विचारलं, तर "निघालाय," एवढंच म्हणायची. तिच्या हिशोबी ते खरंच होतं. स्थळंही जमेनात. येणाऱ्यांना अमेरिका हवी होती, आणि ज्यांना ती नको होती त्यांना आई सांगायची, प्रस्थान ठेवलेल्या माणसाचं लगीन मधीच कसं काढता?

ऑफिसात एव्हाना जीवनला काम मिळालं होतं. काय काम, तर वकिलातीतला साहेब व्हायचं. मार्केट पुन्हा उठलं, नवी पोरं आली. त्यांची मुंबईच्या मुलाखतीची तयारी करून घ्यायला कुणीतरी हवं होतं. सरांनी जीवनला एक टेबल दिलं, मागं झेंडा लावला. तो कडक चेहऱ्यानं इंग्रजीतून विचारायचा, तिकडे कशाला जाता? परत याल का? कशावरून? पोरं चाचरायची. मग तो मराठीत समजावायचा, "ठामपणे सांगायचं, नक्की परत येणार. घरी आई आहे म्हणायचं." ज्यानं मुंबईची वकिलात रस्त्यावरूनही पाहिली नव्हती, त्याच्या हाताखालून पोरं जात राहिली आणि त्यांना शिक्के मिळत राहिले. जीवनचं वयही वाढत होतं. सरांनी त्याचा अर्ज पुन्हा कधी केला नाही. "तू गेलास तर यांना तयार कोण करणार?" ते लाडानं म्हणायचे. जीवन हसायचा, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

२००६ च्या उन्हाळ्यात कलाबाईंच्या मुलांनी शेवंतीचा तुकडा बिल्डरला दिला. घर पडणार होतं. कलाबाई लेकीकडे सिन्नरला जायच्या होत्या.

"जीवन, बॅगेचं काय ते बघ रे बाबा," त्या म्हणाल्या. "आणि आईला सांगून टाक. मला तिच्याकडं बघवत नाय."

नवसाबाई नेहमीसारखी मसाला घेऊन आली. यावेळी सांगायचंच असं ठरवून जीवन तिच्या समोर फरशीवर बसला. ती बॅगेत डबे लावत होती. बॅगेचा निळा रंग कोपऱ्यात उडाला होता, एक चाक जाम झालं होतं.

"आई, एक बोलायचं होतं."

"बोल की." तिचे हात थांबले नव्हते. "खरं सांगू का जीवन, ही बॅग भरायला बसले का मला लय बरं वाटतं. गावात समद्यांची पोरं डोळ्यापुढं हायेत, द्राक्षं लावत्यात, गाड्या घेत्यात. माझ्याकडं सांगायला काय हाय? ही बॅग हाय. काय बोलायचं व्हतं?"

"मसाला जरा कमी भर," जीवन म्हणाला.

मागं चुलीपाशी कलाबाईंनी भांडं जोरात आपटलं.

आठवडाभरात घर रिकामं करायचं होतं. बॅग घरी आणायची तर आईशी बोलायला हवं, टाकून द्यायची तर हात धजेना. नेमक्या त्याच दिवसांत दिंडोरीची वेदिका निघाली. जीवननंच तिची तयारी करून घेतली होती. तिचा शिक्का खरा पडला होता, तिकीट खरं होतं. तिला आई नव्हती. मामांनी एक बॅग दिली होती, दुसरीची सोय व्हायची होती, आणि वाटेत खायला, तिकडं रांधायला काय न्यायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. निरोप समारंभात जीवनचं भाषण झालं आणि तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, "एक भरलेली बॅग आहे. नेशील?"

वेदिकेला वाटलं खालकर सर थट्टा करतायत. मग कलाबाईंच्या घरी तिनं उघडून पाहिली आणि मसाल्याच्या वासानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुणासाठी भरलेली हो ही?" तिनं विचारलं.

"जाणाऱ्यासाठी," जीवन म्हणाला. जाम झालेल्या चाकाला त्यानं तेल घातलं आणि रिक्षात बॅग चढवून दिली. रिक्षा वळेपर्यंत तो उभा राहिला. त्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. कलाबाईंनी सिन्नरला पोचल्यावर नवसाबाईच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला, घर सुटल्याचं सांगायला. नवसाबाईनं पहिला प्रश्न बॅगेचाच केला.

"बॅग गेली गं अमेरिकेला," कलाबाई म्हणाल्या. पुढं त्या वेदिकेचं सांगणार होत्या, पण पलीकडे नवसाबाईनं असा काही हंबरडा फोडला आनंदाचा, की कलाबाईंचं पुढचं त्यात बुडून गेलं. त्यांनी फोन ठेवला. जीवनला हे सांगायचा धीर त्यांना झाला नाही. आणि जीवनही भीतीपोटी बॅग दिल्यापासून घरी फोन करत नव्हता. न सांगता गेला याचं नवसाबाईला जराही वाईट वाटलं नाही. निरोप तर पाच वर्षांपूर्वीच झाला होता. तिनं गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जाऊन ओटी भरली, आळीत पेढे वाटले. चिमाजींना पारावर पुन्हा फेटा बांधला गेला.

दिवाळीच्या आधी सरांनी ऑफिस पुण्याला हलवलं. पुण्यात मुलाखतीची तयारी करून घ्यायला चांगल्या इंग्रजीची माणसं मिळत होती. जीवनला सरांनी मिठी मारली, कंपनी हे एक कुटुंब आहे असं सांगितलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. भिंत उतरवताना मंजुषा मॅडमनी त्याचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हातात दिला. "ठेवा तुमच्याकडे," त्या म्हणाल्या, आणि पुढची फ्रेम उतरवायला वळल्या.

दुसऱ्या दिवशी जीवननं सायखेड्याची एसटी पकडली. भर दुपारी. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आई, मी जाणार नाही. वाटभर तो हेच घोकत होता, त्याच्या पोरांसारखं. ठामपणे सांगायचं. चाचरायचं नाही.

स्टँडवर उतरला आणि पानटपरीवाल्यानं हात जोडले. "जीवनभाऊ! कवा आला?"

"आत्ताच," जीवन म्हणाला.

"विमानानं मुंबईलाच का?"

जीवन तोंड उघडेपर्यंत टपरीवाला दुसऱ्याला सांगायला पळाला होता. पारावरून लोक उठून उभे राहिले. कुणी त्याच्या हातातली पिशवी घेतली, कुणी वर्तमानपत्रातली फ्रेम. कागद फाटला आणि टाय घातलेला जीवन सगळ्यांना दिसला, खाली कोपऱ्यात छोटा अमेरिकेचा झेंडा. तो काही बोलायच्या आत ही मिरवणूक आळीत शिरली. कुणीतरी पुढं धावत जाऊन ओरडलं, "नवसाकाकू, जीवन आला अमेरिकेहून!"

नवसाबाई दारात आली. तिनं लेकाकडे पाहिलं. त्याच्या पायातल्या त्याच जुन्या चपला, उसवलेला खिसा गेल्या उन्हाळ्यात तिनंच शिवून दिलेला तोच शर्ट. त्याचा चेहरा. तिला कळलं. एका क्षणात सगळं कळलं, पाच वर्षांचं. जीवनला ते तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसलं.

"आई," तो म्हणाला. "मी..."

"थांब तिथंच," ती म्हणाली. आत गेली, बाहेर आली. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळतात तसा तिनं तुकडा त्याच्यावरून ओवाळला. पाणी अर्धं त्याच्या पायांवर, अर्धं उंबऱ्यावर सांडलं. मागं सगळी आळी उभी होती, चिमाजी कोपऱ्यात डोकं खाली घालून उभे होते.

जीवननं घोकलेलं वाक्य आता कुठंच बसत नव्हतं. जाणार नाही म्हणायला तो आता गेलेला होता, आणि आलेलाही होता. गेलो नव्हतो हे सांगायचं तर आईला आळीसमोर उघडं पाडायचं. त्याला रडू आलं, आणि लोकांना वाटलं आनंदानं आलं.

नवसाबाईनं तुकडा लांब भिरकावला. मग ओल्या हातानं त्याचा गाल चाचपला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "केवढा वाळलास रे तिकडं!"